मामांची जीभ आणि तीन वाट्या

मामांच्या हृदयात जाळी बसली आणि दुसऱ्या दिवसापासून टेंभुर्णीतल्या प्रत्येक माणसाला तेलातलं सगळं कळायला लागलं. भेटायला येणारा आधी केळी ठेवायचा, मग खुर्ची ओढायचा आणि मग सांगायचा की घात केला तो रिफाइंडनं. दुसरा म्हणायचा, रिफाइंड न्हाई, तूप. तिसरा म्हणायचा, तूप तर अमृत, खरा वैरी मैदा. मामी सगळ्यांना चहा द्यायची आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायची. कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून तिनं शेवटी सगळ्यांचाच सल्ला पाळला. मामांच्या ताटातून तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं आणि साय अशी एकेक करत उठून गेली. उरली ती पाण्यात शिजवलेली दोडक्याची भाजी.

"बैलाला बी सरकी मिळती," मामा ताटाकडं पाहून म्हणायचे.

"बैलाला जाळी बसवली का?" मामी विचारायची.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. धावड्याला आमचं घर. दहावीनंतर मामांनी मला टेंभुर्णीला आणून ठेवलं, स्वतः कॉलेजात नेऊन घातलं आणि वर्गाबाहेर उभं राहून शिकवणं दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बराबर शिकवतात. बस तू." आज माझ्या नावापुढं जी काही अक्षरं आहेत ती त्या "बराबर"मुळं आहेत. पुढं जालन्याला शरीरशास्त्र आणि पोषण असा विषय घेऊन शिकले आणि तिथंच एका संशोधन प्रकल्पात मदतनीस म्हणून लागले. ज्या सरांनी मला घेतलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढं जे लिहिते आहे तेही कृतज्ञतेनंच लिहिते आहे, असं वाचणाऱ्यानं समजावं.

प्रकल्प होता आहारातली चरबी, रक्तवाहिन्या आणि जीभ यांच्यावर. सर मोठ्या शहरातून आलेले, अतिशय सज्जन, आणि मराठवाड्यातल्या माणसाबद्दल त्यांना फार आस्था. आस्था इतकी, की माणूस बोलायला लागला की ते त्याचं बोलणं सोडून त्याच्या जिभेकडं पाहायचे.

पहिला भाग रक्तवाहिन्यांचा. माणसाच्या हाताला पट्टा आवळायचा, थोडा वेळ रक्त अडवायचं आणि मग एकदम सोडायचं. रक्त परत धावत येतं तेव्हा निरोगी नळी फुगून त्याला वाट देते. शेताला पाणी सोडल्यावर पाट फुगतो तसं. पडद्यावर ते मापता येतं. तेलकट जेवण झाल्यावर काही तास नळी तेवढी फुगत नाही, म्हणून जेवणाआधी एकदा आणि नंतर एकदा मापायचं. त्यासाठी आम्ही तेल मोजून पुऱ्या तळायचो, शिरा तोलून वाढायचो आणि माणसाला सांगायचो, हे सगळं तुम्हीच खायचं.

इथंच शास्त्राची पहिली गाठ आमच्याकडच्या रीतीशी पडली. तपासणीला माणूस एकटा यायचाच नाही. त्याच्यासोबत मेव्हणा, शेजारी आणि "जालन्याला जाऊन राह्यला तर मला बी मोंढ्याच्या बाजारात काम हाय" असा एक जण यायचा. समोर ताट आलं की तो माणूस हात आखडून बसायचा. चार माणसं पाहत असताना एकट्यानं खायला आमच्याकडं कोणी शिकवत नाही. सर पाठ फिरवून पडद्याकडं गेले की पुऱ्या मेव्हण्याकडं, शिरा शेजाऱ्याकडं. एकानं तर मलाच घास पुढं केला, "घे माय, सकाळपासून उभी हायेस."

तेलकट जेवणानंतरही नळ्या मजेत फुगत होत्या. सर थक्क झाले. इथल्या मातीत, इथल्या ज्वारीत काहीतरी संरक्षक द्रव्य असलं पाहिजे, असं त्यांनी आठवडाभर मनाशी घोळवलं. ते द्रव्य मेव्हण्याच्या पोटात आहे हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ज्वारीवर त्यांचा फार जीव बसला होता.

दुसरा भाग जिभेचा. सरांचा अंदाज असा की ज्याच्या जिभेला चरबी पटकन कळते तो कमी खातो, आणि ज्याला कळत नाही तो खात सुटतो आणि नळ्या बुजवून घेतो. चाचणी साधी. साय काढलेल्या कोमट दुधाच्या तीन वाट्या. दोन सारख्या, एकीत थोडं तेल घोटलेलं. वेगळी कोणती ते सांगायचं. रंगावरून कळू नये म्हणून खोलीत लाल दिवा. ही चाचणी गावात जाऊन करायची ठरली, आणि गाव मीच सुचवलं. टेंभुर्णी.

सुचवण्यामागं मामा होते. मामांची, म्हणजे गावाच्या भाऊंची, ओळख टेंभुर्णीतच काय, आसपासच्या गावांतही शेतकरी म्हणून नव्हती. ते तर्री पाहणारे होते. आमच्याकडं लग्नाची पहिली पंगत बसण्याआधी आचारी वांग्याच्या भाजीची वाटी घेऊन मांडवामागं येतो. तिथं मामा खुर्चीवर बसलेले असतात. भाजीवर तरंगणाऱ्या लाल तेलाचा, म्हणजे तर्रीचा, एक थेंब ते जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि "हं" म्हणतात. तो "हं" आला की पत्रावळी पडतात. काही बिघडलं असेल, तेल खवट असेल, तर मामा आचाऱ्याला बोटानं जवळ बोलावतात आणि त्याच्या कानात सांगतात. मोठ्यानं कधीच नाही. अन्नाला चारचौघांत नाव ठेवलं तर मुलीच्या बापाची मान खाली जाते.

जाळी बसल्यापासून शेतातलं काम सुटलं होतं. बैलजोडी विकली होती. मामांकडं उरला होता तो हा एक मान, आणि गल्लीतल्या मोठ्या घरातलं लग्न तोंडावर आलं होतं. मला वाटलं, मामांची जीभ एकदा शास्त्राच्या कागदावर सिद्ध झाली की पाण्यातल्या दोडक्यावरही त्यांचे दिवस बरे जातील.

समाजमंदिराच्या खिडक्यांना आम्ही काळा कागद लावला आणि आत लाल दिवा लावला. गर्दी मावेना. "अंगात आणायचं हाय का?" एका म्हातारीनं दारातूनच विचारलं आणि उत्तर न ऐकता हात जोडले. गाव मामांचं, म्हणून गावातला प्रत्येक पुरुष माझा मामा. अशा सगळ्या मामांना मी ओळीनं आत सोडलं. सरांनी समजावलं की घोट तोंडात फिरवून थुंकायचा. थुंकायला भांडं ठेवलं होतं. त्या भांड्याकडं सगळ्यांनी असं पाहिलं, की सरांनी जणू ताटात चप्पल ठेवली. पाहुण्यानं दिलेलं दूध थुंकायचं? सगळ्यांनी गिळलं, वरून मिशा पुसल्या.

"कोणती वाटी वेगळी वाटली?" सर उत्सुकतेनं विचारायचे.

"सगळ्या बराबर."

"नीट आठवा. एखादी जरा तेलकट?"

"न्हाई न्हाई. बिलकुल सारख्या. एक नंबर दूध हाय, सायेब."

एकामागून एक, सगळे हेच. माझे मामाही आले. त्यांनी डोळे मिटले, तिन्ही वाट्या घेतल्या, थोडे थांबले आणि म्हणाले, "सारख्याच हायेत." मला हसू आलं. चारचौघांत मामा नाव ठेवतील कसे?

सरांना हसू आलं नाही. त्यांना शोध लागला. निघताना आभार मानायला ते उभे राहिले आणि म्हणाले, की या गावातल्या जिभांना चरबी ओळखता येत नाही ही फार महत्त्वाची गोष्ट आज पुढं आली आहे. मग मामांकडं हात करून म्हणाले, "यांचंच पाहा. जीभ सांगत नाही, म्हणून तेल जास्त जातं, आणि मग हृदयात जाळी बसते. किती स्पष्ट उदाहरण आहे."

टाळ्या पडल्या. आमच्याकडं भाषण संपलं की टाळ्या वाजवतात, मजकूर कोणताही असो.

दोन दिवसांत मामीचा फोन आला. "काय करून ठेवलं गं तुझ्या सायबानं? लग्नवाले येऊन गेले. म्हणे, भाऊंची जीभ गेली असं मशीनमधी आलंय."

"मामी, मशीन कुठं होतं? लाल दिवा होता."

"दिवा तर दिवा. दिव्यात आलंय. पलीकडच्या गल्लीतला तो रिटायर ग्रामसेवक आतापासून मिशा पिळून राह्यला. मांडवामागं त्यालाच बसवायचं म्हणतेत. तुझे मामा कालपासून काई बोलना झालेत. दोडका बी गप खाल्ला."

गप खाल्ला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी सरांकडं गेले. सांगितलं, की सर, त्या वाट्या त्यांना सारख्या वाटल्या नाहीत. तुम्ही समोर उभे होतात. दूध पाजणाऱ्यासमोर त्याच्या दुधाला नाव ठेवणारा माणूस तुम्हाला आमच्या तालुक्यात मिळणार नाही. ज्वारीनंतर आता जीभही हातची चालली होती. पण माणूस सज्जन. म्हणाले, "मग खरं कसं विचारायचं?"

"कानात," मी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मी वाट्या समाजमंदिरामागं मांडल्या, लिंबाखाली, जिथं एरवी लग्नातल्या चुली लागतात. लाल दिव्याऐवजी डोळ्यांवर रुमाल. सरांना आत बसवलं आणि बाहेर यायचं नाही असं बजावलं. एकेका मामाला बोलावून मी खालच्या आवाजात म्हणायचे, "पंगत बसायची हाय. आचारी इचारून राह्यला. काय सांगू?"

आणि कानात धबधबा सुरू झाला.

"मधली. तेल हाय तिच्यात. मुलीच्या बापाला सांग, डबा बदल."

"पहिली. अन् बाकीच्या दोन्हींत दूध हाय का भांडे धुतलेलं पाणी?"

"तिसरी. मागच्या टायमाला बी मला वळखू आल्ती."

"मंग तवा काहून नाही सांगितलं?"

"सायेब समोर उभे होते ना, माय. इतक्या लांबून आल्ते बिचारे."

सगळे बरोबर सांगत होते असं नाही. एका मामांना तीनदा विचारलं तर त्यांनी तीन वेगळ्या वाट्या सांगितल्या, आणि तिन्ही वेळा सारख्याच ठसक्यात. पण एकंदर गावाची जीभ ठणठणीत होती. मागच्या वेळचा आमचा सगळा निष्कर्ष म्हणजे गावानं शास्त्राचा केलेला पाहुणचार होता.

सगळ्यात शेवटी माझे मामा आले. मी मुद्दाम त्यांना शेवटी ठेवलं होतं. गल्लीतली माणसं लांब उभी राहून पाहत होती, त्यांत लग्नघरचे दोघेही होते. मामा विटांच्या ओट्यावर बसले. मी रुमाल बांधला. त्यांनी पहिली वाटी घेतली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. पुन्हा पहिली मागितली. मग रुमालावरून कपाळ पुसलं.

"बाई, कान इकडं कर."

मी वाकले.

"काईच लागंना."

मला वाटलं, माझ्यासमोरही ते लाज राखत आहेत. मी म्हणाले, "मामा, इथं सायेब नाहीत. मी हाय."

"तू हायेस म्हणून तर सांगून राह्यलो. तवा बी खरंच सांगितलं होतं. सारख्याच लागतात. पाणी बी तसंच लागतं, दूध बी तसंच."

"कवापासून?"

"जाळीच्या लई आधीपासून. तो मोठा ताप आल्ता न्हाई का, त्यात वास गेला. म्हणलं येईल वापस. आला न्हाई."

"मंग मागच्या लग्नात तुम्ही तेलाचा डबा बदलायला लावला तो?"

"आचारी वाटी देऊन माझ्याकडं पाहीना. चपलीकडं पाहून राह्यला होता. म्हणलं, डबा बदल. बदलला त्यानं."

मी रुमाल सोडायलाच विसरले. सगळ्या गावानं सरांना गोड खोटं सांगितलं होतं. एकट्या मामांनी खरं सांगितलं होतं, आणि त्यांच्याच बाजूनं ते खोटं आहे हे सिद्ध करायला मी जालन्याहून वाट्या घेऊन आले होते. सरांची पद्धत चुकीची, कारण चुकीचं, निष्कर्ष चुकीचा, आणि तरी बोट बरोबर माणसाकडं गेलं होतं. तेवढं बरोबर आलेलंही त्यांनी जाळीचा तेलाशी संबंध जोडून वाया घालवलं. चव लागत नव्हती म्हणून मामांनी तेल जास्त खाल्लं असंही नव्हतं. उलट तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं मनच उडालं होतं.

"लिहिशील?" मामांनी विचारलं.

"लिहावं लागतं, मामा. पण नाव नसतं. नुसता आकडा असतो. कोणाचं काय आलं ते कोणाला सांगायचं न्हाई असा नियम हाय. सायेब त्या दिवशी इसरले."

"लग्नवाल्याला बी न्हाई?"

"कोणालाच न्हाई."

मामांनी रुमाल स्वतः काढला. "चांगला नियम हाय," ते म्हणाले. शास्त्रातली एखादी गोष्ट त्यांना पटलेली मी पहिल्यांदा पाहिली.

सर बाहेर आले, कागद पाहिले आणि मोकळ्या मनानं सगळ्यांसमोर म्हणाले, की मागच्या वेळी माझी चूक झाली, या गावाची जीभ अतिशय तीक्ष्ण आहे. पुन्हा टाळ्या. गावानं त्याचा सोयीचा अर्थ घेतला. गावाची जीभ तीक्ष्ण म्हणजे भाऊंची आलीच. लग्नघरचा एक जण तिथल्या तिथं मामांच्या पाया पडला. ग्रामसेवकानं मिशांवरचा हात काढला. मी नियमात होते.

मामांना आकड्यामागं लपवता आलं होतं, पण मांडवामागं आकडा चालत नाही. तिथं वाटी येणार आणि सगळे तोंडाकडं पाहणार. आचारी नवा होता, भोकरदनकडचा, सरळ डोळ्यात पाहणारा. मी लग्नापर्यंत टेंभुर्णीतच राहिले होते. मामा ते सगळे दिवस माझ्याजवळ येऊन बसायचे आणि नळ्यांबद्दल विचारायचे. पट्टा का आवळतात, नळी कशी फुगते, तेलकट खाल्ल्यावर किती वेळ फुगत नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, आजाराबद्दल कळून घेत आहेत.

लग्नाला सरांनाही आवतण होतं. फेटा बांधून त्यांना मामांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं. अक्षता पडल्या, आणि आचारी वाटी घेऊन मांडवामागं आला. मुलीचा बाप मागं. ग्रामसेवक सहज आल्यासारखा आला. वाटीत वांगी दिसतच नव्हती, इतकी वर तर्री.

मामांनी वाटी हातात घेतली. नाकाजवळ नेली नाही, जिभेवर थेंब ठेवला नाही. नुसती वाटी तिरकी केली आणि तर्री एका कडेला आलेली पाहिली.

"ही सगळी काढून घे," ते म्हणाले. मोठ्यानं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं.

"भाऊ, तर्री काढली तं भाजीत राह्यलं काय?"

"वांगे राह्यले. हे खाल्लं की चार घंटे नळी फुगत न्हाई. पाट कोरडा राहतो. जालन्याला पडद्यावर दिसतं." मग माझ्याकडं पाहून, "दिसतं का न्हाई, बाई?"

"दिसतं," मी म्हणाले. दिसतं ते खरंच होतं.

"सायेब?"

सर भारावून उभेच राहिले. आपलं संशोधन लग्नाच्या मांडवापर्यंत पोचलेलं किती जणांना पाहायला मिळतं? "अगदी बरोबर," ते म्हणाले. मुलीच्या बापानं आचाऱ्याकडं पाहिलं. ज्या माणसाच्या मागं खुद्द जालना उभं आहे त्याला नाही कोण म्हणणार? आचाऱ्यानं पळीनं तर्री काढून बादली भरली.

मामा म्हणाले, "हं." पत्रावळी पडल्या.

मुलीचा बाप हात जोडून पंगतीतून फिरत होता. "भाजी कशी झाली?"

"बराबर."

"एक नंबर."

"असं जेवण न्हाई झालं बरं का या साली." हा ग्रामसेवक. त्याच्या पत्रावळीवर भाजीला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं.

सरांनाही विचारलं. "उत्तम," सर म्हणाले आणि उरलेली वांगी हळूच पुरीखाली सरकवली. गावात तीन वेळा येऊन माणूस शिकला होता.

बायकांच्या पंगतीत मामी माझ्या शेजारी बसली होती. तिनं घास घेतला, थांबली आणि पदर तोंडापाशी नेऊन माझ्या कानाशी आली. "दवाखान्यातली झाली गं."

"हळू बोल."

"हळूच बोलून राह्यले. तिकडं पाय, बादली कुठं चालली."

आचारी आणि वाढपी स्वतःच्या जेवणासाठी भाजीचं पातेलं बाजूला घेऊन बसले होते आणि बादली त्यात उपडी करत होते. त्यांना कोणी काही विचारणार नव्हतं, म्हणून त्यांना बराबर म्हणायची गरज नव्हती.

समोरच्या पंगतीत मामांनी वाढप्याला हाक मारली आणि पत्रावळीवर अजून भाजी घेतली. साऱ्या मांडवात तेवढा एकच माणूस मनापासून जेवत होता.